पोलिसांनी कुणाला मारलं की लोक 'बरं झालं' का म्हणतात?

तुम्ही विचारलंय की 2019 ला हैदराबादला बलात्कार-खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी एन्काउंटरमध्ये मारलं, त्यानंतर पोलिसांवर फुलं उधळणारे लोक 2024 ला पुण्यात पोर्शे गाडीने दोघांना उडवणाऱ्या श्रीमंत पोराच्या वेळी कायद्याने कारवाई करा एवढंच का म्हणत होते. सोपं आहे. मार कुणी खाल्ला हे बघून लोक ठरवतात. त्या एन्काउंटरमध्ये जीव घ्यायच्या इराद्यानेच गोळ्या झाडल्या असं सुप्रीम कोर्टाने चौकशीला नेमलेल्या सिरपूरकर आयोगाने 2022 ला सांगितलं, तेव्हा फुलंवाले कुठे होते?

मी एसटीत कंडक्टर, जात फासेपारधी. आमच्या स्टँडवर एका साखर कारखान्याच्या डायरेक्टरच्या पुतण्याने गाडी आडवी लावलेली, ड्रायव्हरने हॉर्न मारला तर ह्याने केबिनचं दार उघडून त्याच्या कानाखाली काढली. चष्मा खाली पडला तो पायाने सीटखाली सरकवला. अख्खी बस बघत होती. ड्युटीवरच्या माणसावर हात टाकला म्हणजे तेव्हाचं सरळ सरळ कलम 353, सरकारी कामात असलेल्यावर हल्ला. चौकीत गेलो तर पुतण्याला खुर्ची आणि चहा, आम्ही बाकड्यावर. हवालदार म्हणे मिटवून टाका, पोरगं तापट आहे. पॅसेंजर पण तेच, मोठ्या घरचं पोर, होतं कधी कधी. आणि ज्याने खाल्ली तो ड्रायव्हरसुद्धा म्हणाला जाऊ दे रे, तरुण रक्त आहे.

त्याच दिवाळीत त्याच स्टँडवर एका बाईची पोत गेली. रात्री आमच्या वस्तीवर पोलिसांची गाडी आली आणि माझ्या चुलतभावाला उचलला. तो त्या दिवशी ऊसतोडीवर होता, मुकादमाला एक फोन केला असता तर कळलं असतं, पण पारधी आहे म्हटल्यावर फोन कशाला करतील? कोर्टापुढे न नेता ठेवला, तळपायावर पट्टे मारले, घरी आला तेव्हा टाचा टेकत नव्हत्या. आणि आमचा ड्रायव्हर, माझ्याच डब्यातली चटणी खाता खाता म्हणतो, पोलीस उगाच कुणाला उचलत नाहीत, काहीतरी केलं असेल.

1871 ला इंग्रजांनी कायदा करून आख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या, तो 31 ऑगस्ट 1952 ला गेला. कागदावरून गेला. नंतर सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि नजर तीच राहिली, पोलिसांचीही आणि डबा शेअर करणाऱ्यांचीही.

तक्रार घेत नसतील तर काय, हेही विचारलंय. दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, ललिता कुमारी केस, सुप्रीम कोर्ट, 2013. नाही घेतला तर एसपीला लेखी द्या, पोच घ्या. आणि कुणाला उचललं असेल तर 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं, हे तिथे जाऊन मोठ्याने बोला, शक्यतो वकील घेऊन, कारण आमच्यासारख्याने एकट्याने बोललं तर त्यालाही आत बसवतात.

आता सगळेच पोलीस तसले नसतात, त्याच चौकीतल्या एका जमादाराने भावाला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली होती. आणि आमच्यात कुणी चोरी करतच नाही असंही मी म्हणणार नाही. करणाऱ्याला धरा ना, कोण नको म्हणतंय.

पण 'उगाच उचलत नाहीत' म्हणणारा तुमच्या ओळखीत असेल तर त्याला आधी विचारा, तुला कधी कुणी मारलंय का आणि तेव्हा तू काय केलं होतंस? मी आमच्या ड्रायव्हरला विचारलं होतं. तो म्हणाला, तो विषय वेगळा आहे. कसा वेगळा ते त्याने अजून सांगितलेलं नाही, आणि आता रिटायर झालाय.