पाइपलाइन भागीदारीची युनिट्स विकली, आता करविवरणात काय लिहायचं?

प्रश्न: एका पाइपलाइन भागीदारीची युनिट्स १०,००० डॉलरला घेतली होती. सहा वर्षांनी सगळी १२,००० ला विकली. ब्रोकरच्या १०९९-बी या विक्रीच्या फॉर्मवर नफा २,००० दिसतो. तेवढाच दाखवू ना? (न्यू जर्सी)

नाही. माझ्याकडे येणाऱ्या विवरणांत हीच चूक मला पुन्हा पुन्हा दिसते.

एनर्जी ट्रान्सफर किंवा एंटरप्राइज प्रॉडक्ट्ससारखी युनिट्स बाजारात शेअरसारखी विकली जातात, पण करापुरते तुम्ही भागीदार असता. दर तिमाहीला हातात पडलेली रक्कम डिव्हिडंड नसते. ती तुमच्या खरेदीखर्चातून वजा होत जाते. के-१ (भागीदारी दरवर्षी तुमचा वाटा कळवते तो फॉर्म) वरचं उत्पन्न त्या खर्चात मिळवायचं, तोटा वजा करायचा. ब्रोकरकडे हा हिशेब नसतो, म्हणून तो बहुधा मूळ किंमतच छापतो.

समजा, सहा वर्षांत ४,५०० डॉलर वाटप मिळालं आणि के-१ वर निव्वळ १,५०० तोटा आला. मग खर्च उरला ४,००० आणि खरा नफा झाला ८,०००. विक्रीच्या वर्षी के-१ सोबत ‘सेल्स शेड्यूल’ येतं. नफ्यातला किती भाग सामान्य उत्पन्न (पगारासारखं करपात्र) धरायचा, ते त्यात दिलेलं असतं. मुख्यतः पूर्वी वजा घेतलेला घसाराच इथे परत करपात्र होतो. तो आकडा ५,५०० असेल, तर तो फॉर्म ४७९७ च्या दुसऱ्या भागात लिहायचा. उरलेले २,५०० भांडवली नफा म्हणून फॉर्म ८९४९ वर आणि तिथून शेड्यूल डीवर.

८९४९ वर खर्च ९,५०० धरायचा, म्हणजे ४,००० अधिक ५,५००. ही बेरीज विसरलात तर त्या ५,५०० वर दोनदा कर भराल. ब्रोकरने आपला आकडा आयआरएसला (अमेरिकी करखात्याला) कळवला असेल, तर ‘ई’ रकान्यात त्याचे १०,०००च ठेवा, ‘एफ’मध्ये कोड बी (छापलेला खर्च चुकीचा) आणि ‘जी’मध्ये ५०० ची दुरुस्ती. कळवला नसेल, तर ‘ई’मध्ये थेट ९,५००, कोड बी आणि ‘जी’मध्ये शून्य.

प्रश्न: दरवर्षी के-१ वर तोटा होता, पण करविवरणाच्या सॉफ्टवेअरने तो कधी वजाच होऊ दिला नाही. तो बुडाला का? (ह्यूस्टन)

बुडाला नाही, साठून राहिला. अशा भागीदारीचा तोटा त्याच भागीदारीच्या उत्पन्नातून वजा होतो, दुसरीच्या नाही. मात्र सगळी युनिट्स बाजारात विकलीत की साठलेला सगळा तोटा त्या वर्षी मोकळा होतो. सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण विक्रीची खूण करायला विसरू नका. निम्मीच विकली असतील, तर ही सवलत नाही.

प्रश्न: माझी युनिट्स आयआरए या निवृत्ती खात्यात होती. (सिॲटल)

तुमच्या १०४० या वैयक्तिक करविवरणावर ही विक्री येत नाही. पण वरचा सामान्य उत्पन्नाचा भाग आयआरएतही मोजला जातो. असं व्यावसायिक उत्पन्न वर्षाला १,००० डॉलर किंवा जास्त झालं, तर खात्यातर्फे फॉर्म ९९०-टी भरावा लागतो, आणि कर खात्यातूनच जातो. तुमचा के-१ खातं सांभाळणाऱ्या कस्टोडियनला पोचला का, ते विचारा.

प्रश्न: मी पुण्यात राहतो, अमेरिकेचा नागरिक नाही. तोट्यात विकूनही विक्रीच्या १० टक्के रक्कम कापली! (पुणे)

१ जानेवारी २०२३ पासून परदेशी विक्रेत्यांकडून ही कपात होते, आणि ती नफ्यावर नसून विक्रीच्या पूर्ण रकमेवर होते. हा अंतिम कर नव्हे. आयटीआयएन हा करक्रमांक काढून १०४०-एनआर हे अनिवासींचं विवरण भरा, खरा नफा-तोटा दाखवा आणि जास्त कापलेली रक्कम परत मागा. त्यासाठी ब्रोकरकडून फॉर्म १०४२-एस आधी मिळवा. कपातीचा पुरावा तोच आहे आणि तो विवरणाला जोडावा लागतो.