दुर्बीण आपोआप चालते, मग खगोलशास्त्रज्ञ काय करतो?

प्रश्न : मी अकरावीत शिकते. लहान दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली आणि तेव्हाच खगोलशास्त्रात जायचं ठरवलं. पण मोठ्या दुर्बिणी आता संगणकावर चालतात, काही तर अवकाशातच आहेत. फोटो आपोआप येतात. मग खगोलशास्त्रज्ञाला काम काय उरतं? पुढे भौतिकशास्त्र घेऊ की इंजिनीअरिंग? आई-बाबा म्हणतात, यात नोकऱ्याच नाहीत.

उत्तर : दुर्बीण आपोआप वळते, हे खरं. पण कुठे वळायचं, किती वेळ बघायचं आणि कशासाठी, हे तिला माणसानेच सांगावं लागतं. तुझं सगळं करिअर त्या 'कशासाठी'वर उभं राहणार आहे.

१९९५च्या डिसेंबरमध्ये हबल ही अवकाशातली दुर्बीण सुमारे दहा दिवस सप्तर्षीतल्या एका इवल्याशा तुकड्याकडे बघत होती. जमिनीवरून तिथे जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. हबलचं काम पाहणाऱ्या संस्थेचे तेव्हाचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी स्वतःच्या अधिकारातला वेळ त्यासाठी दिला. एवढा मोलाचा वेळ फुकट जाईल, असं काही जाणकारांचं मत होतं. पण ३४२ छायाचित्रं एकत्र केल्यावर त्या तुकड्यात सुमारे ३,००० दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, सापडल्या. तिथे बघावं असं कोणाला वाटलंच नसतं, तर हबलने ते आपणहून कधी केलं नसतं.

आज जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीवर वेळ हवा असेल तर आधी लेखी प्रस्ताव द्यावा लागतो. काय शोधायचं आहे, ते याच दुर्बिणीने का, किती तास लागतील, हे सगळं मोजक्या पानांत पटवून द्यायचं. मागणी उपलब्ध वेळेच्या कित्येक पट असते, त्यामुळे बहुतेक प्रस्ताव नाकारले जातात. मला यातली एक गोष्ट फार आवडते : प्रस्ताव तपासणाऱ्यांना तो कोणी लिहिला हे सांगितलं जात नाही. पीएचडी करणारी विद्यार्थिनी आणि नावाजलेला प्राध्यापक एकाच रांगेत. म्हणून गणिताइतकीच स्वच्छ, नेमकं लिहिण्याची सवय लाव. विज्ञान शाखेतली मुलं याकडे हमखास दुर्लक्ष करतात.

वेळ मिळाला, निरीक्षण झालं, की हातात येतात ते बहुधा आकडे. २०२२ मध्ये वेबने सुमारे ७०० प्रकाशवर्षं दूरच्या डब्ल्यूएएसपी-३९ बी या ग्रहाच्या वातावरणात कार्बन डायऑक्साइड असल्याचं दाखवलं, तेव्हा त्या ग्रहाचा फोटो कोणी काढला नव्हता. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा थोडा प्रकाश त्याच्या वातावरणातून गाळून येतो. त्या प्रकाशाच्या वर्णपटात, म्हणजे रंगांनुसार वेगळ्या केलेल्या प्रकाशात, कोणत्या तरंगलांबीला किती घट झाली, यावरून वायू ओळखला गेला. ती घट खरी की उपकरणाचा दोष, हे ठरवण्यात खगोलशास्त्रज्ञाचे महिने जातात. हे काम तुला कंटाळवाणं वाटतं की चित्तवेधक, हे आत्ताच तपासून बघ. केप्लर दुर्बिणीने दीड लाखाहून अधिक ताऱ्यांची तेजस्विता सलग चार वर्षं मोजली आणि तो डेटा सर्वांसाठी खुला आहे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी शीक, एका ताऱ्याचा आलेख काढ आणि त्यातली ग्रहाची खूण शोध. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोर आला तर प्रकाश सुमारे एक टक्का कमी होतो. पृथ्वीएवढा आला तर जेमतेम बारा हजारांत एक भाग. असे दोन-तीन शनिवार-रविवार रमलीस, तर तुझी आवड शनीच्या कड्यांपलीकडे गेली आहे असं मी समजेन. मोठी दुर्बीण घ्यायची घाई मात्र करू नकोस.

आता भौतिकशास्त्र की इंजिनीअरिंग. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉयेजर १ कडून अर्थहीन माहिती येऊ लागली. १९७७ साली निघालेलं हे यान तेव्हा सुमारे २४ अब्ज किलोमीटर दूर होतं. एक आज्ञा पोहोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. यानातल्या संगणकाची एक स्मृती-चिप बिघडल्याचं अभियंत्यांनी शोधलं, त्या चिपमधला प्रोग्रॅम तुकडे करून उरलेल्या स्मृतीत इतरत्र बसवला आणि एप्रिल २०२४ मध्ये यानाच्या प्रकृतीची माहिती पुन्हा नीट येऊ लागली. हे वाचून 'त्यांनी हे केलं कसं?' असं तुझ्या मनात आधी आलं, तर इंजिनीअरिंग घे. 'सूर्याच्या प्रभावाबाहेर त्या यानाला काय सापडलं?' असं आधी आलं, तर भौतिकशास्त्र. पहिल्या वाटेने गेलीस तरी तू खगोलशास्त्राच्या बाहेर पडत नाहीस. आरसे, कॅमेरे, याने बांधणारे आणि सांभाळणारे लोक नसतील तर निरीक्षणच नाही. तुझ्या पत्रावरून मला कल भौतिकशास्त्राकडे दिसतो, पण ते पत्र छोटं आहे आणि निर्णय तुझा.

आई-बाबांची काळजी रास्त आहे. संशोधनातल्या कायमच्या जागा थोड्या आहेत. पीएचडीला बरीच वर्षं लागतात, त्यानंतर बहुतेकांना दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या पोस्टडॉक नोकऱ्या वेगवेगळ्या ठिकाणी कराव्या लागतात, आणि त्यानंतरही जागा मिळेलच असं नाही. हे त्यांच्यापासून लपवू नकोस. मात्र त्यांना हेही दाखव की वेरा रुबिन वेधशाळेसारख्या ठिकाणी आता ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे आणि एका रात्रीत सुमारे २० टेराबाइट माहिती जमते. ती हाताळताना अंगी येणारं संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग आणि प्रतिमा-विश्लेषण वैद्यकीय उपकरणांपासून हवामानाच्या अंदाजापर्यंत अनेक क्षेत्रांत लागतं. पदवीच्या तिसऱ्या वर्षी दोन्ही वाटा पुन्हा तपासू, असं घरी आधीच ठरवून घे आणि त्या वर्षापर्यंत एखाद्या संशोधकाबरोबर निदान एक उन्हाळी प्रकल्प कर.