पाटी एक, कंपन्या अनेक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एचडीएफसी लिमिटेडमध्ये माझी 4 लाखांची ठेव होती आणि एचडीएफसी बँकेत 4 लाखांची एफडी. आता सगळं एक झालंय म्हणतात. मग पैसे नक्की कुणाकडे आहेत, आणि या बँकेचा मालक कोण? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पैसे आता सगळे बँकेकडेच. एचडीएफसी लिमिटेड म्हणजे होम लोन देणारी कंपनी, 1977 मध्ये हसमुखभाई पारेख यांनी उभी केलेली, आणि बँक ही तिची 1994 ची लेक. आता झालं काय, तर 1 जुलै 2023 ला आईच लेकीत विलीन झाली! लिमिटेडच्या 25 शेअर्सना बँकेचे 42 शेअर्स मिळाले आणि लिमिटेड नावाची कंपनीच संपली. का केलं? होम लोन कंपन्यांवरची रिझर्व्ह बँकेची बंधनं वाढत वाढत बँकांच्या जवळ आली होती, म्हणजे बँक नसण्याचा फायदा कमी होत चाललेला, आणि दुसरीकडे सेव्हिंग खात्यातला स्वस्त पैसा मात्र बँकेलाच मिळतो.

मालकाचं म्हणाल तर कुणी एक माणूस किंवा घराणं शोधू नका, सापडणार नाही. लिमिटेडकडे बँकेचे साधारण 21 टक्के शेअर्स होते ते विलीनीकरणात रद्द झाले, त्यामुळे बँकेला आता प्रमोटर, म्हणजे कंपनीवर पकड असलेला मुख्य मालक, उरलाच नाही, सगळे शेअर्स पब्लिककडे, त्यात म्युच्युअल फंड आले, परदेशी संस्था आल्या आणि दहा-वीस शेअर्स घेऊन बसलेले आपल्यासारखेही आले. शिवाय कुठल्याही बँकेत 5 टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा घ्यायचा तर आधी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, आणि खाजगी बँकेत हिस्सा कितीही असला तरी एका शेअरहोल्डरचं मतदान 26 टक्क्यांच्या वर मोजत नाहीत.

आता तुमच्या कामाचं. लिमिटेड ही बँक नव्हती, त्यामुळे तिथल्या ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे बँक ठेवींना विमा देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या संस्थेचा, विमा नव्हता. आता ती बँकेची ठेव झाली म्हणून विमा आला, पण मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत 5 लाख, व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून. म्हणजे तुमच्या 8 लाखांपैकी 5 लाखांना संरक्षण, आधी फक्त बँकेतल्या 4 लाखांना होतं. फायदाच झाला म्हणायचा, पण दुप्पट झाला असं समजू नका.

प्रश्न : एचडीएफसी बँक एवढी मोठी झाली तर तिच्या लाईफ (आयुर्विमा), एर्गो (इतर विमा), म्युच्युअल फंड, एचडीबी (कर्ज देणारी) या वेगळ्या कंपन्या ठेवायच्याच कशाला? सगळं एकाच बँकेत घालून टाकावं ना. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बँकेच्या मनात असलं तरी कायदा करू देत नाही. विम्याची जोखीम बँकेने स्वतःच्या अंगावर घ्यायची नाही, त्यासाठी वेगळी कंपनीच लागते, तिच्यावर लक्ष आयआरडीएआय या विमा नियंत्रकाचं. म्युच्युअल फंडवाल्या कंपनीवर सेबीचं. बँकेवर आणि एचडीबीसारख्या कर्ज देणाऱ्या कंपनीवर रिझर्व्ह बँकेचं. विलीनीकरणाच्या आधी लाईफ आणि एर्गो या दोन्हीत ग्रुपचा हिस्सा 50 टक्क्यांच्या खाली होता, तो वर न्यायला रिझर्व्ह बँकेने परवानगी दिली आणि मग त्या बँकेच्या सबसिडिअरी, म्हणजे निम्म्याहून जास्त मालकीच्या कंपन्या झाल्या.

एचडीबीची गोष्ट अजून मजेशीर आहे. ही कंपनी वाहन, सोनं, छोटे धंदे यांना कर्ज देते आणि तिचे 94 टक्क्यांच्या वर शेअर्स एकट्या बँकेकडे होते. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की तिने बड्या म्हणून यादीत घातलेल्या अशा कर्ज कंपन्यांनी ठरलेल्या मुदतीत शेअर बाजारात यायचं. मग 2025 च्या जूनमध्ये 12,500 कोटींचा आयपीओ, म्हणजे लोकांना शेअर्सची पहिली विक्री, आला, त्यातले 10,000 कोटी बँकेने आपले शेअर्स विकून घेतले, फक्त 2,500 कोटी एचडीबीच्या स्वतःच्या धंद्यात गेले. आयपीओचा फॉर्म भरताना ‘ऑफर फॉर सेल’ हा रकाना लोक वाचतच नाहीत, तो वाचा, तुमचा पैसा कंपनीला जातोय की जुन्या मालकाला ते तिथे कळतं.

आणि वेगळ्या कंपनीचा अर्थ असा की उद्या एखादी सबसिडिअरी बुडाली तर बँकेने तिच्यात घातलेलं भांडवल जाईल, पण तिची सगळी देणी कायद्याने बँकेच्या डोक्यावर बसत नाहीत. नाव वाचवायला बँक मदतीला धावेलही, पण ‘धावेल’ आणि ‘द्यावंच लागेल’ यात फरक आहे.

प्रश्न : वडिलांची एफडी स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होती, पावतीही जुन्याच नावाची आहे. चालेल का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : चालेल. 1 एप्रिल 2017 ला हैदराबादसह पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या, जुनी देणी सगळी स्टेट बँकेकडे आली. पावती आणि केवायसी घेऊन जवळच्या शाखेत जा.

प्रश्न : बँकेत एफडी करायला गेलेल्या आईला एफडीसारखंच आहे म्हणून पॉलिसी दिली. बँकेचं नाव छापू नका. आता बँक म्हणते विमा कंपनीला विचारा. (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाव छापत नाही, हे प्रकार काही एकाच बँकेत होत नाहीत. पण बँक म्हणते ते अर्धंच खरं आहे. पॉलिसीचा करार विमा कंपनीशी हे बरोबर, बँक इथे फक्त एजंट असते, कमिशन घेते. पण खोटं सांगून विकलं तर ती चूक विकणाऱ्याचीच. पॉलिसीचं पहिलं पान काढा, वर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्यावर पैशांची जबाबदारी, आणि या पैशाला डीआयसीजीसीचा विमा नाही. पॉलिसी हातात पडून 30 दिवस झाले नसतील तर आजच फ्री लूकचा, म्हणजे पॉलिसी नको म्हणून परत करण्याचा, अर्ज द्या, किरकोळ खर्च कापून पैसे परत मिळतात. मुदत गेली असेल तर विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, आईला काय सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहा, आणि महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जा, पुण्यातही त्यांचं कार्यालय आहे, फी लागत नाही आणि वकीलही नको. बँकेकडे वेगळी लेखी तक्रार करून पोच घ्या, तोंडी बोलण्याला तिथे काही अर्थ नसतो.