ख्रिश्चन कॉलेज विद्यार्थ्याचा दिवस कसा असतो? अभ्यास सांभाळून वाचनाची आवड कशी जपता?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे, ‘घरी इंग्रजी वातावरण असल्यामुळे मराठी वाचन अवघड जात असेल ना?’ त्या ओळीमुळे लिहायला बसले.

आधी दिवसाचं सांगते, ते थोडक्यात आटपतं. साडेपाचला उठायचं, पाणी भरायचं, डबा घेऊन सव्वासातची एसटी धरायची. राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावापासून नगरला तासभर लागतो (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं). टीवायबीएला आहे, विषय मराठी. दुपारी परत, घरकाम, अभ्यास, मग संध्याकाळची घरातली प्रार्थना. शनिवारी गायन मंडळाची तालीम, पेटी-तबल्यावर. रविवारी संडे स्कूलच्या लहान मुलांना शिकवते, मग उपासना. डिसेंबरात कॅरलच्या फेऱ्या आणि करंज्या. बाकी माझ्या मैत्रिणींचा दिवस जसा तसाच माझा.

वाचन मला कॉलेजनं दिलं नाही, ते या संध्याकाळच्या प्रार्थनेतून आलं. आजी शाळेत गेली नव्हती. लग्नानंतर चर्चमधल्या वर्गात अक्षरं शिकली, पण जोडाक्षराला अडायची. म्हणून मी दुसरीत गेल्यापासून बायबलचा रोजचा अध्याय वाचायचं काम माझ्याकडे आलं. आजी शेजारी बसून ओळीवरून बोट फिरवायची. शास्त्रात वंशावळीचे लांबलचक अध्याय आहेत, अमक्याचा मुलगा तमका, पानंच्या पानं. कंटाळून मी एखादं नाव गाळलं की तिचं बोट तिथंच थांबायचं. रागवायची नाही, काही बोलायचीही नाही. मी मागं येऊन ते नाव वाचलं की बोट पुढं सरकायचं. आजही कुठल्याच पुस्तकातली ओळ मला गाळता येत नाही, अगदी कंटाळवाणं वर्णन असलं तरी.

पुढं लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची पुठ्ठा निघालेली प्रत घरातल्या पेटीत सापडली. तीही आजीला रोज थोडी थोडी वाचून दाखवली. राहुरीचं नाव आलं की आजी हात वर करून मला थांबवायची, ‘परत वाच.’ आपल्या गावाजवळचं नाव छापलेलं असतं, याचंच तिला अप्रूप. मलाही ते पहिल्यांदा तेव्हाच कळलं.

एवढं सगळं घेऊन मी कॉलेजला गेले. पहिल्या वर्षाचा पहिला महिना. सरांनी हजेरी घेताना माझं नाव वाचलं. नाव बायबलमधलं आणि आडनाव अर्ध्या तालुक्याचं असतं तसं. चष्म्यावरून बघून म्हणाले, ‘मराठी जमेल का तुला? तुमच्यात इंग्रजी बरी असते.’ मग ज्ञानेश्वरीतल्या ओव्या वाचायला दिल्या. मी वाचल्या, कुठंही अडले नाही. सर म्हणाले, ‘अरे वा, छान आहे की तुझी मराठी! कुणी शिकवली?’

आणि मी म्हणाले, ‘थँक्यू सर.’

तीन वर्षं होत आली, ते थँक्यू अजून घशात आहे. परतीच्या एसटीत खिडकीचा गज इतका घट्ट धरला होता की उतरताना तळव्यावर गंजाचा पट्टा उमटला होता. मातृभाषा येते म्हणून कुणी कौतुक करतं का? शेजारच्या बाकावरच्या मुलीला कुणी विचारलं नाही, तुला मराठी कुणी शिकवली म्हणून.

तेव्हा सुचलं नाही ते इथं लिहिते. सर, ‘ज्ञानोदय’ हे मिशनऱ्यांचं मराठी नियतकालिक १८४२ साली याच नगरमधून निघायला लागलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण परीक्षेत ‘यमुनापर्यटन’ लिहितो, ती बाबा पदमनजींनी १८५७मध्ये लिहिली आणि ते ख्रिस्ती होते. शिकाऱ्यानं मारलेल्या पक्षिणीची कविता वर्गावर्गात पाठ झाली, तिचे कवी लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक. फादर स्टीफन्स इंग्लंडातून गोव्यात आले आणि त्यांनी जवळपास अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ साली छापून निघालं. जन्मानं इंग्रज असलेल्या माणसाला मराठीची गोडी लागली, तर जिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या याच भाषेत भांडणं झाली आणि पाळणे म्हटले गेले, तिला ही भाषा जमेल का हे विचारायचंच कशाला?

उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला कॅथलिक धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले, २०२० साल. मी तेव्हा नववीत. पप्पा रोज पेपर मोठ्यानं वाचतात. अध्यक्षपदाला होणाऱ्या विरोधाच्या बातम्या तेवढ्या ते मनात वाचायचे. त्यावरूनच मला कळलं होतं.

आता आवड कशी जपायची. एसटीत वाचा, जाताना खिडकीची जागा धरा, उजेड चांगला असतो. ग्रंथालयाच्या कार्डावर दोन पुस्तकं मिळत असतील तर एक अभ्यासाचं घ्या, दुसरं अजिबात उपयोगाचं नको. घरात कुणी ऐकणारं असेल तर मोठ्यानं वाचा, याच्याइतका दुसरा उपाय नाही. आणि मराठीच वाचा, निदान निम्मं तरी. हे मी आमच्या लोकांनाही सांगते. मुलांना इंग्रजी शाळेत घालायचं आणि मग तीच मुलं उपासनेत मराठी भजनं रोमन अक्षरांत लिहून म्हणणार. असं दोन पिढ्या चाललं तर सरांचं म्हणणं आपणच खरं करून दाखवू. माझे मामा म्हणतात, बायबल सोडून गोष्टींची पुस्तकं वाचणं म्हणजे वेळ घालवणं. त्यांच्याशी माझं पटत नाही. बायबल हे गोष्टींनी भरलेलं पुस्तक आहे, रूथची गोष्ट ज्याला आवडली त्याला कादंबरीही आवडणार.

एक राहिलं. हे सगळं नगरकडच्या प्रॉटेस्टंट घरातलं आहे, सगळ्या ख्रिश्चनांना लावू नका. वसईत सामवेदी बोली बोलणारी कॅथलिक घरं आहेत, गोव्याच्या घरांत कोकणी आहे, मुंबईत खरोखरच इंग्रजी बोलणारी घरंही पुष्कळ आहेत, आणि त्यांत काही कमीपणा नाही. तुम्ही अशाच घरातले असाल तर माझा सूर मनाला लावून घेऊ नका. आणि सर वाईट नाहीत. व्याकरण त्यांच्याइतकं नीट मला कुणी शिकवलं नाही.

या वर्षीच्या प्रकल्पाला मी ‘ज्ञानोदय’ हाच विषय घेतला आहे. मार्गदर्शक तेच सर आहेत. पहिलं प्रकरण सोमवारी द्यायचंय, त्याच्या पहिल्याच ओळीत १८४२ आणि नगर आहे.