वेग वाढला की होडी उजवीकडे ओढते. स्टिअरिंगची केबल बदलावी का?

तुमची होडी 18 फुटी फायबरची, मागे एकच 40 अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन, वेग वाढला की चाक उजवीकडे ओढ घेते, आणि मेकॅनिक केबल बदलायला सांगतो आहे, असे तुम्ही लिहिले आहे. पैसे मोजण्यापूर्वी इंजिन पाण्याबाहेर उचला आणि पंख्याच्या वर असलेल्या कॅव्हिटेशन प्लेटची, म्हणजे आडव्या सपाट पट्टीची, खालची बाजू पाहा. तेथे उभ्या परासारखा ट्रिम टॅब जागेवर आहे, की कोणीतरी तो काढून जस्ताची सपाट चकती बसवली आहे? केबल खराब झाली की चाक जड होते किंवा ढिले लागते. ती चाकाला एका बाजूला ओढत नाही. मी इतके ठामपणे लिहितो आहे, कारण याच दुखण्यावरून आमच्या घरात एक अख्खा हंगाम भांडण चालले होते आणि ते अजून पुरते मिटलेले नाही.

मालवणजवळच्या देवबागला भावोजी आणि मी भागीदारीत एक होडी चालवतो. कर्ली खाडीतून संगमापर्यंत पर्यटकांना नेणे आणि आणणे, एवढाच तिचा व्यवसाय. तिला चाक नाही आणि केबलही नाही. इंजिनाचा दांडा हातात धरूनच ती चालवावी लागते. एका पावसाळ्यात इंजिन दुरुस्तीला दिले होते. ते परत आल्यावर पहिल्याच फेरीत दांडा हातातून डावीकडे निसटू लागला आणि होडी उजवीकडे वळू लागली. दुरुस्ती करणाऱ्याने पंखा बदलावा लागेल असे सांगितले. भावोजींचे निदान त्याहून सोपे होते : ‘मनगटात जोर नाय तुझ्या, होडयेक कित्याक दोष देतंस?’ त्यांनी डाव्या बाजूला वाळूची गोणी ठेवली आणि प्रश्न सुटल्याचे जाहीर करून टाकले. प्रश्न सुटला नव्हता. गोणीमुळे होडी डावीकडे कलली, हाताला बसणारी ओढ मात्र तसूभरही कमी झाली नाही. भावोजींचा दंड जाड असल्यामुळे त्यांना ती जाणवत नव्हती, एवढेच.

येथे दोन वेगळ्या दोषांची गल्लत होते. होडी एका अंगाला कलून चालत असेल, तर दोष भाराचा असतो : इंधनाची टाकी, बर्फाची पेटी, एकाच बाकावर दाटीने बसलेली माणसे, बुडात साचलेले पाणी. पण चाक किंवा दांडा स्वतःच हाताला ओढत असेल, तर दोष पंख्यापाशी शोधावा. मागून पाहिले असता बहुतेक एकेरी इंजिनांचा पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. त्याची उजवी पाती खाली जात असते आणि डावी वर येत असते. इंजिनाची खालची बाजू आत, होडीकडे ओढलेली, म्हणजे नाळ (होडीचे पुढचे टोक) खाली दाबणाऱ्या स्थितीत असेल, तर खाली जाणारी पाती पाणी अधिक जोराने कापते, उजव्या बाजूचा रेटा वाढतो आणि होडी उजवीकडे वळू पाहते. इंजिन फार उंच बसवलेले असेल तर ही ओढ आणखी वाढते, कारण वरच्या पात्यांना फेसाळ पाणी मिळते आणि खालच्यांना घट्ट. ही ओढ प्रत्येक अशा इंजिनात असतेच. तिला उतारा म्हणून बहुतेक इंजिनांना कारखान्यातूनच तो ट्रिम टॅब बसवलेला असतो.

आमच्या इंजिनाचा टॅब खाऱ्या पाण्याने खाल्ला होता. तो जस्ताचा असतो आणि झिजण्यासाठीच असतो. इंजिनाच्या ॲल्युमिनियमऐवजी त्याने झिजावे, हे त्याचे दुसरे काम. दुरुस्ती करणाऱ्याने झिजलेला टॅब काढून सपाट चकती लावली होती. म्हणजे गंजाची सोय झाली आणि सुकाणूची गेली. शेजाऱ्यांचे तसलेच इंजिन पुळणीवर उलटे टाकलेले मी पाहिले तेव्हा हा फरक ध्यानात आला. मग आमच्या प्लेटखाली पाहिले, तर जुन्या टॅबने झाकलेला रंग अजून ताजा होता आणि तो किती तिरका बसवलेला होता, तेही त्या ठशावरून स्पष्ट दिसत होते. त्याच तिरकेपणाने नवा टॅब बसवला आणि पुढच्या भरतीला खाडीत नेले. दोन बोटांनी दांडा धरून होडी सरळ गेली. भावोजींनी तरीही गोणी उतरवली नाही.

तुम्हाला करायचे ते असे. होडी उजवीकडे ओढत असेल, तर मागून पाहताना टॅबचे मागचे टोक उजवीकडेच सरकवायचे. हे उलटे वाटते, पण टोकावर आपटणारे पाणी इंजिनाचा मागचा भाग डावीकडे ढकलते आणि ओढ फिटते. टॅबचा बोल्ट काही इंजिनांत प्लेटच्या वरून, रबरी बुचाखाली असतो. जरासे सरकवा, घट्ट आवळा, नेहमीच्या वेगाने आणि नेहमीच्या भारासह चालवून पाहा, मग पुन्हा सरकवा. एका वेगाला तोल साधला की दुसऱ्या वेगाला थोडी ओढ राहणारच, म्हणून जो वेग तुम्ही सर्वाधिक वापरता तोच धरा. टॅबला रंग मात्र लावू नका. रंगवलेले जस्त गंजापासून काहीच वाचवत नाही.

ओढ मनगटाने पेलावी, असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नका, मग ते नात्याने कितीही मोठे असोत. जो दांडा ओढतो तो हात सुटताच पूर्ण वळतो, होडी जागच्या जागी गरगर फिरते आणि बाहेर फेकला गेलेला माणूस तिच्याच पंख्याच्या वाटेत येतो. चाक असले तरी हा धोका टळत नाही. इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवल्याशिवाय चाचणीला निघू नका. भावोजी ती दोरी किल्लीजवळ गुंडाळून ठेवत असत. आता नाही ठेवत, पण ते माझ्या सांगण्याने नव्हे, माझ्या बहिणीच्या सांगण्याने.

केबलीबद्दल एवढेच : इंजिन बंद असताना चाक दोन्हीकडे फिरवून पाहा. जड लागले तर केबल इंजिनापासून सोडवा आणि इंजिन हाताने वळवा. ते सहज वळले तर दोष केबलीत आहे आणि तुमचा मेकॅनिक तेवढ्यापुरता खरा आहे; तेही जड असेल तर इंजिन ज्या उभ्या नळीत फिरते तिला ग्रीस हवे आहे. हे सारे एकाच, उजव्या फिरतीच्या इंजिनाला लागू आहे. पंखा डाव्या फिरतीचा असेल तर सगळ्या दिशा उलटतील. आणि टॅब शाबूत असेल, नीट तिरका असेल, तरी ओढ नवीनच सुरू झाली असेल, तर टॅबला हात न लावता आधी पंख्याखालचा फाळ खडकाला लागून वाकला आहे का, पात्यांची कड मोडली आहे का आणि कॅव्हिटेशन प्लेट बुडाच्या पातळीपेक्षा इंचभराहून अधिक वर गेली आहे का, हे पाहा.