सॉफ्टवेअर कुठलंही घे, नोंद बाहेर निघाली पाहिजे

प्रिय पोरी,

वायनरीच्या नोंदी ठेवायला सॉफ्टवेअर घ्यायचंय म्हणून तू पाठवलेली तिन्ही कोटेशनं वाचली. स्वस्त घेतलं तर पस्तावू, महाग घेतलं तर बाबा चिडतील, असं लिहिलंयस. तू किमतीपाशीच अडकलीयस. किंमत नंतर बघू. आधी विचार, आपली सगळी नोंद त्यातून साध्या सीएसव्ही फायलीत (स्वल्पविरामानं तोडलेला मजकूर, कुठल्याही शीटमध्ये उघडतो), कुणाच्या पाया न पडता, बाहेर काढता येते का? येत नसेल तर फुकट दिलं तरी घेऊ नकोस.

आमच्याकडे ज्यांचं सॉफ्टवेअर होतं त्यांनी गाशा गुंडाळला. पैसे गेले त्याचं काही नाही. पण सकाळ-संध्याकाळचं ब्रिक्स म्हणजे रसातली साखर, टाकीचं तापमान, लाईट गेल्यावर ते किती चढलं, हे सगळं त्यांच्याबरोबर गेलं. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात द्राक्षाचं आम्ल झपाट्यानं उतरतं आणि पीएच वर जातो, म्हणजे आंबटपणा कमी होतो. पीएच ३.२ असेल तर वाईन खराब होऊ नये म्हणून लागणारा मोकळा सल्फर डायऑक्साइड साधारण २० पीपीएम (लिटरमागे २० मिलिग्रॅम) पुरतो, ३.६ झाला की तेवढ्याच संरक्षणाला ५० च्या आसपास लागतो. कुठल्या प्लॉटचा पीएच कुठल्या वर्षी कुठवर गेला होता, हे मला आज ताडून बघता येत नाही. त्याची हळहळ अजून जात नाही. म्हणून सांगतो, नोंद बाहेर निघाली पाहिजे.

अमेरिकेचं इनोव्हिंट, ऑस्ट्रेलियाचं व्हिंट्रेस, वायनरीची ही दोन्ही सॉफ्टवेअरं चांगली आहेत. पण बिल परदेशी चलनात, आणि तुमच्या चार टाक्यांना एवढा पसारा कशाला? शिवाय राज्य उत्पादन शुल्काच्या नोंदवह्या तुला ठेवाव्याच लागणार. त्या कुठल्याही ॲपनं सुटत नाहीत. बिलं आणि कराचे हिशेब टॅलीत आहेत, तिथंच राहू दे.

'एक्सेल प्रोफेशनल दिसत नाही' हे वाचून मात्र राग आला. कुणाला दाखवायचंय? एक्सेलही नको, लिब्रेऑफिस फुकट मिळतं. एकच शीट कर, आणि वाईन हलली की एक ओळ: तारीख, लॉट (वाईनच्या त्या खेपेचा नंबर), टाकी २ मधून ६०० लिटर निघाले, टाकी ४ मध्ये ५८५ पडले, १५ गाळात गेले, काम कुणी केलं. पीएच आणि सल्फर एकाच ओळीत. ब्लेंड केलंस तर ज्या ज्या टाकीतून घेतलं त्या प्रत्येकीची वेगळी ओळ, म्हणजे उद्या एका बाटलीची तक्रार आली तरी मागं मागं प्लॉटपर्यंत जाता येईल. सेल जोडायचे नाहीत, रंग भरून अर्थ लावायचा नाही. आणि जुना आकडा खोडायचा नाही. चुकलं तर उलटी नोंद टाकायची, खतावणीत टाकतात तशी. एवढं सांभाळलंस की पुढं कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं उचलून नेता येईल.

सेलरमध्ये फोनला रेंज नसते, हे तुझे ते डेमोवाले सांगणार नाहीत. प्रत्येक टाकीच्या झडपेला दोरीनं पाटी अडकव. हात ओले असले तरी पेन्सिल चालते. काम झालं की तिथंच लिहायचं, रात्री शीटवर उतरवायचं. बाबांच्या डोक्यात सगळं आहे, कबूल. पण ते त्यांच्या डोक्यातून बाहेर निघत नाही ना, तीच तर अडचण आहे.

आमच्या घरातसुद्धा मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. आज माझ्याकडं महिन्याच्या महिन्याला पेनड्राइव्हवर प्रत असते आणि कुठल्या कंपनीचं काय झालं, याची मला झोपेत चिंता नसते.

आता असं कर. तिघांनाही गेल्या हंगामातल्या टाकी २ च्या नोंदी दे, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायला लाव आणि सीएसव्हीत परत माग. 'नंतर देतो' म्हणणाऱ्याचं नाव तिथंच काट. ज्या फायली येतील त्या मला पाठव. तू दिलेल्या मूळ नोंदींशी मी स्वतः ताडून बघतो. फेब्रुवारीत क्रशिंग सुरू व्हायच्या आत हे उरकायला हवं.

तुझा,
काका