युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे जुळले नाहीत तर?

प्रश्न : आईचं वय ६८. पहिल्यांदाच बहिणीकडे म्युनिकला निघाली आहे. शेतकाम आणि धुण्याभांड्यांनी बोटांच्या रेषा झिजल्यात. आधारच्या मशीनवरही तीन-चारदा बोट लावावं लागतं. युरोपात आता पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी चेहरा आणि ठसे घेतात म्हणे. तिला अडवतील का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : केवळ ठसे झिजलेत म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत. पण खरी काळजी घ्यायची ती इथे, व्हिसा केंद्रावर. शेंगेन देशांची (आपसात सीमा-तपासणी न ठेवणारा युरोपातला देशांचा गट, जर्मनी त्यातलीच) एन्ट्री-एक्झिट सिस्टिम, म्हणजे येण्या-जाण्याची संगणकी नोंद ठेवणारी ईईएस, १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ज्यांना व्हिसा लागत नाही, त्यांचा चेहरा आणि चार बोटांचे ठसे सीमेवर घेतात. आपल्याला व्हिसा लागतो, त्यामुळे आईंच्या दहाही बोटांचे ठसे अर्जाच्या वेळीच जातात. ईईएससाठी सीमेवर फक्त चेहरा टिपतात. बोटं टेकवायला सांगितलं, तर ते व्हिसाच्या ठशांशी ताडून पाहण्यासाठी. हे ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. म्हणून पहिल्याच दिवशी ते नीट उमटू द्या.

स्कॅनरच्या काचेवर बोटाची उंच रेष टेकते तिथे काळी खूण दिसते, खाचेच्या जागी उजेड राहतो. कातडी कोरडी असली की रेष काचेला धड टेकत नाही, मग ठसा तुटक येतो. आठवडाभर आधीपासून रात्री हातांना तेल किंवा क्रीम चोळा. केंद्रात शिरण्यापूर्वी बोटं स्वच्छ पुसा, तेलकटपणा राहिला तर रेषा एकमेकींत मिसळतात. बोटांच्या टोकांना मेंदी नको, चिरलेलं बोट असेल तर भरू द्या. आईंना सांगा, फार जोर लावू नका. दाबल्याने रेषा पसरतात. खूपच कोरडी वाटली तर ओलसर रुमालाने बोट टिपा. तरी एखादं बोट उमटलंच नाही, तर जमतील तेवढेच ठसे घ्यावेत असा नियम आहे.

सीमेवर जुळणी फसली तर अधिकारी पुन्हा किंवा दुसरं बोट घेतात, चेहरा पाहतात, गरज पडल्यास बाजूला बसवून कागद तपासतात. परतीचं तिकीट, बहिणीचा पत्ता व फोन, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हे छापील स्वरूपात हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. विमान बदलायचं असेल, तर ही तपासणी शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर होते, म्युनिकला नाही. तिथे तीन तास तरी हाताशी असू द्या.

प्रश्न : माझ्या पासपोर्टात चिप नाही. मशीनवर नोंदणी होईल? आणि शेंगेनमध्ये राहायला मिळणारे ९० दिवस कसे मोजायचे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : स्वयंसेवा मशीनला चिप आणि तिच्यातला फोटो लागतो. त्यामुळे सरळ अधिकाऱ्याच्या खिडकीकडे जा, तिथे कॅमेरा असतो. चष्मा काढा, कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा मोकळा ठेवा.

दिवस मोजताना येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरतात. १ मार्चला पोचलात तर ९०वा दिवस २९ मे. ९० दिवसांची ही मर्यादा कुठल्याही सलग १८० दिवसांतली आहे. पासपोर्टातल्या व्हिसाच्या स्टिकरवर मुक्कामाचे दिवस कमी लिहिले असतील तर तेच खरे. बरेच जण नेमके इथे चुकतात. निघताना नोंद झाली नाही तर यंत्रणा तुम्हाला मुदतीबाहेर राहिलेले धरू शकते. म्हणून परतीचा बोर्डिंग पास जपा, तो दाखवून नोंद दुरुस्त करून घेता येते. बाहेर पडल्याची नोंद असेल तर माहिती ३ वर्षं राहते, नसेल तर ५.